शोधयंत्रे आणि खानदेशातील भाषा

आंतरजालावरील शोधयंत्रांत १९९० च्या दशकापासून होत आलेल्या सुधारणा आणि महाराष्ट्राच्या खानदेश विभागातील भाषा यांच्या संबंधाचा विचार या लेखात केला आहे. खानदेशात प्रामुख्याने जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येतात. या भागात प्रमाण मराठीबरोबर अहिराणी, लेवा गणबोली तसेच सातपुड्यातील पावरी, भिलोरी यांसारख्या भाषा बोलल्या जातात. मराठी मजकूर शोधण्याच्या सोयी २००० नंतर टप्प्याटप्प्याने सुधारत गेल्या. युनिकोड संकेतन, शब्दांच्या विविध रूपांची ओळख, आवाजी शोध आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली उत्तरे हे त्यातील मुख्य टप्पे होत. यांपैकी बहुतेक सुधारणा प्रमाण मराठीपुरत्या आहेत. यंत्राला वाचता येईल असा मजकूर कमी असल्याने अहिराणी व इतर बोलींना त्यांचा लाभ अंशतःच मिळतो.

शोधयंत्राचे कार्य

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. क्रॉलर नावाची आज्ञावली दुव्यांवरून पुढे सरकत संकेतस्थळांची पाने वाचते. वाचलेल्या पानांतील शब्दांची सूची तयार होते. पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीप्रमाणे या सूचीत प्रत्येक शब्दापुढे तो ज्या पानांवर आला आहे त्यांची नोंद असते. वापरकर्त्याने शोधशब्द दिला की यंत्र सर्व आंतरजाल नव्याने चाळत नाही. ते या सूचीत पाहते आणि सापडलेल्या पानांची उपयुक्ततेनुसार क्रमवारी लावते.

१९९५ मध्ये सुरू झालेल्या अल्टाव्हिस्टासारख्या आरंभीच्या शोधयंत्रांत ही क्रमवारी मुख्यतः पानावरील शब्दांवरून ठरत असे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या गूगलने एखाद्या पानाकडे इतर किती व कोणती पाने दुवा देतात याला महत्त्व दिले. मायक्रोसॉफ्टचे बिंग हे शोधयंत्र २००९ मध्ये आले.

कोणत्याही भाषेतील मजकूर या पद्धतीने सापडण्यासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. मजकूर यंत्राला अक्षरे म्हणून वाचता आला पाहिजे, एकाच शब्दाची निरनिराळी रूपे परस्परांशी जोडता आली पाहिजेत आणि मजकुराची भाषा ओळखता आली पाहिजे. प्रमाण मराठीच्या बाबतीत या अटी कमी-अधिक प्रमाणात पूर्ण झाल्या आहेत. अहिराणीच्या बाबतीत लिपी समान असल्याने पहिली अट मराठीबरोबरच पूर्ण होते. उरलेल्या दोन अटी मात्र बहुतांशी अपूर्ण आहेत.

खानदेशातील भाषिक स्थिती

ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला.

अहिराणी ही धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, जळगाव जिल्ह्याच्या बऱ्याच भागात, तसेच नाशिक जिल्ह्यातील बागलाण, मालेगाव व कळवण या तालुक्यांत बोलली जाते. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीचा विचार भिल्ल भाषांसोबत नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) करण्यात आला. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मराठीहून वेगळी, आठव्या अनुसूचीबाहेरची भाषा म्हणून मोजली गेली असून तिच्या भाषकांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार आहे. या गटात अहिराणीचा वाटा सर्वांत मोठा आहे. भाषांच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक यादीत अहिराणी व खानदेशी यांना स्वतंत्र संकेत दिलेले आहेत.

जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागात, यावल, रावेर, भुसावळ या परिसरात, लेवा गणबोली प्रचलित आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेमुळे या परिसरातील बोली महाराष्ट्रभर पोहोचली. जळगाव येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

लिपी आणि संकेतन

मराठी मजकूर संगणकावर लिहिण्याची सोय १९८० च्या दशकापासून उपलब्ध होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्याच वर्षी प्रकाशित झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही छपाई व्यवसाय, वृत्तपत्रे आणि कार्यालये यांत दीर्घकाळ श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टवर आधारित पद्धती वापरात राहिल्या.

या पद्धतींत संगणकात साठवली जाणारी चिन्हे रोमन अक्षरांच्या संकेतांची असत आणि फॉन्ट त्यांना केवळ देवनागरी आकार देत असे. वाचकाच्या संगणकावर तोच फॉन्ट असेल तर बातमी वाचता येई. नसेल तर रोमन अक्षरांची निरर्थक ओळ दिसे. शोधयंत्राला पडद्यावरचे आकार दिसत नाहीत, केवळ साठवलेले संकेत दिसतात. त्यामुळे त्याच्या सूचीत ही निरर्थक ओळच नोंदली जात असे. अशा पानावर ‘जळगाव’ हा शब्द शंभर वेळा आला असला, तरी ‘जळगाव’ असा शोध घेणाऱ्याला ते पान मिळत नसे. मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरील आरंभीच्या वर्षांतील बराच मजकूर या कारणाने शोधापासून दूर राहिला.

२००० नंतर संगणक प्रणालींत युनिकोड देवनागरीची सोय आली आणि मराठी अनुदिनी, वृत्तपत्रे व शासकीय संकेतस्थळे हळूहळू युनिकोडकडे वळली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो आरंभापासून युनिकोडमध्ये असल्याने त्यातील लेख शोधयंत्रांना थेट वाचता आले.

युनिकोड आल्यानंतरही काही प्रश्न राहिले. त्यांपैकी तीन मराठीत वारंवार आढळतात:

• ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई. दोन्ही रूपे पडद्यावर जवळजवळ सारखी दिसतात, पण त्यांचे संकेत वेगळे असतात.

• ‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, तर एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह जोडून. दोन्ही रूपे एक मानणारे सामान्यीकरण यंत्राने केले नाही, तर ‘शेतकऱ्यांना’ हा एकच शब्द सूचीत दोन ठिकाणी विभागला जातो.

• स्थळनामांचे व भाषानामांचे लेखन स्थिर नाही. खानदेश व खान्देश ही दोन्ही रूपे रूढ आहेत. अहिराणी भाषक ‘ण’च्या जागी बहुधा ‘न’ उच्चारत असल्याने अहिराणीचे नाव ‘अहिरानी’ असेही लिहिले जाते. धुळ्याचे नाव इंग्रजी कागदपत्रांत पूर्वी ‘धुलिया’ असे आढळते.

शब्दरूपांची ओळख

मराठी शब्दाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडण्यापूर्वी बहुधा त्याचे सामान्यरूप होते आणि त्यात मूळ शब्द बदलतो. ‘जळगाव’पासून जळगावला, जळगावात, जळगावहून ही रूपे बनताना मूळ शब्द तसाच राहतो, परंतु ‘धुळे’ या नावाची रूपे धुळ्याला, धुळ्यात, धुळ्याहून अशी होतात. खानदेशातील पिकांची नावे या दृष्टीने बोलकी आहेत. ‘कापूस’ या शब्दातील ऊकार ‘कापसाला’मध्ये नाहीसा होतो. ‘भरीत’मधील दीर्घ ईकार ‘भरिताची वांगी’मध्ये ऱ्हस्व होतो. ‘केळे’, ‘केळी’, ‘केळ्याचा’ आणि ‘केळीचा’ यांत फळ व झाड असे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात.

केवळ दिलेल्या अक्षरांशी तंतोतंत जुळणारा शब्द शोधणाऱ्या यंत्राला ‘कापूस भाव’ या शोधासाठी ‘कापसाचे भाव’ असे शीर्षक असलेले पान मिळत नाही. यावरील उपाय म्हणजे प्रत्यय काढून शब्दाचे मूळरूप सूचीत ठेवणे. इंग्रजीसाठी ही पद्धत १९६० च्या दशकापासून अभ्यासली गेली; मराठीसाठी तुलना करता येईल असे प्रयोग त्यानंतर सुमारे चार दशकांनी झाले.

भारतीय भाषांतील शोधपद्धतींचे मूल्यमापन करण्यासाठी ‘फायर’ हा मंच २००८ मध्ये सुरू झाला. त्याच्या पहिल्या चाचणीसंचांत हिंदी व बंगालीबरोबर मराठीचाही समावेश होता आणि मराठी संच वृत्तपत्रीय मजकुरातून तयार केला होता. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठातील डोलामिक व सावॉय या संशोधकांनी २०१० मध्ये या संचांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्यय काढण्याची सखोल पद्धत वापरल्यावर शोधाच्या अचूकतेत हिंदीत सुमारे २८ टक्के, बंगालीत सुमारे १८ टक्के, तर मराठीत सुमारे ४२ टक्के वाढ झाली. तिन्ही भाषांत शब्दरूपांच्या ओळखीचा सर्वाधिक लाभ मराठीला झाला, असे यावरून दिसते.

याच अभ्यासात शब्दाची केवळ पहिली चार चिन्हे सूचीत ठेवण्याची सोपी पद्धतही जवळजवळ तितकीच परिणामकारक आढळली. परंतु ती प्रत्येक शब्दाला लागू पडत नाही. चिन्हे व मात्रा सुट्या मोजल्यास ‘जळगाव’ आणि ‘जळगावला’ यांची पहिली चार चिन्हे एकच आहेत. ‘कापूस’ आणि ‘कापसाला’ यांची मात्र तिसऱ्या चिन्हानंतर फारकत होते. ‘धुळे’ व ‘धुळ्यात’ यांचेही तसेच होते.

केंद्र शासनाच्या साहाय्याने अनेक शिक्षणसंस्थांनी मिळून ‘संधान’ हे भारतीय भाषांसाठीचे शोधयंत्र विकसित केले. या प्रकल्पाचे नेतृत्व मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे होते. मराठीसह काही भारतीय भाषांतील पर्यटनविषयक मजकूर हे त्याचे क्षेत्र होते.

शोधयंत्रांतील सुधारणा व मराठी

गूगलने २०१२ मध्ये ज्ञानालेख ही सोय आणली. तिच्यामुळे यंत्र शब्दांपलीकडे व्यक्ती, स्थळे, संस्था यांसारख्या वस्तूंची नोंद ठेवू लागले. जळगाव हे जिल्ह्याचे ठिकाण आणि बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद ही दोन वेगळी गावे आहेत, हा भेद अशा नोंदींतून करता येतो.

मराठीचा समावेश गूगलच्या भाषांतर सेवेत मे २०१३ मध्ये झाला. २०१७ च्या एप्रिलमध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांसाठी न्यूरल जाळ्यांवर आधारित भाषांतर सुरू झाले. बर्ट ही भाषिक प्रतिकृती गूगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजी शोधासाठी आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मराठीसह सत्तरहून अधिक भाषांसाठी वापरात आणली. ही प्रतिकृती शब्दाचा अर्थ त्याच्या आगेमागे असलेल्या शब्दांवरून ठरवते. त्यामुळे प्रत्यय, शब्दक्रम आणि समानार्थी शब्द यांची दखल पूर्वीपेक्षा अधिक चांगल्या रीतीने घेतली जाते.

कापसावरील एका किडीला मराठीत गुलाबी बोंडअळी आणि शेंदरी बोंडअळी अशी दोन नावे आहेत. शिवाय ‘बोंड अळी’ असे तोडूनही लिहिले जाते. अक्षरे जुळवणाऱ्या जुन्या यंत्राला हे वेगवेगळे शोध वाटत. संदर्भावरून अर्थ लावणाऱ्या यंत्राला, दोन्ही नावांचा पुरेसा मजकूर वाचलेला असल्यास, ती एकाच किडीची नावे आहेत हे उमगू शकते.

डिसेंबर २०२० मध्ये शोधाचे निकाल इंग्रजी व मराठी यांत आलटून पालटून पाहण्याची सोय देण्यात आली. त्याच सुमारास गूगलच्या भारतातील संशोधकांनी म्युरिल ही प्रतिकृती प्रसिद्ध केली. ती इंग्रजीसह सतरा भाषांसाठी होती आणि तिच्यात मराठीचा समावेश होता. भारतीय भाषा रोमन लिपीत लिहिण्याच्या सवयीची दखल घेऊन तिला लिप्यंतरित मजकुरावरही शिकवण्यात आले. जानेवारी २०२१ मध्ये गूगल नकाशांवरील स्थळांची नावे मराठीसह दहा भारतीय भाषांत आपोआप लिप्यंतरित होऊ लागली. त्यामुळे दुकान, दवाखाना किंवा शाळा यांची नोंद इंग्रजीत असली, तरी ती मराठीतून शोधणे शक्य झाले.

आवाजी शोध

ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत आवाजी शोधाची सोय सुरू केली. हिंदीत ती आधीपासून होती. देवनागरी कळफलकाची सवय नसलेल्यांना या सोयीमुळे मराठीतून शोध घेता येऊ लागला.

आवाजी शोधात बोलीचा प्रश्न लेखनापेक्षा अधिक स्पष्टपणे पुढे येतो. लिहिताना खानदेशातील शिक्षित व्यक्ती बहुधा प्रमाण मराठी वापरते, पण बोलताना घरची बोली सहज येते. खानदेशातील बोलींत ‘ळ’च्या जागी ‘य’ हा उच्चार मोठ्या प्रमाणावर आढळतो: शाळा – शाया, डोळा – डोया, केळी – केयी, जळगाव – जयगाव. प्रमाण मराठीच्या ध्वनिमुद्रणांवर शिकलेली प्रणाली असे शब्द तिला ठाऊक असलेल्या जवळच्या शब्दाकडे वळवते. ‘काळा’ या अर्थाने उच्चारलेला ‘काया’ हा शब्द प्रमाण मराठीत ‘शरीर’ या अर्थाने अस्तित्वात आहे. त्यामुळे येथे यंत्राला चूक झाल्याचा संशयही येत नाही.

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या सहकार्याने हाती घेतलेल्या ‘वाणी’ प्रकल्पात ध्वनिमुद्रणे जिल्हावार गोळा केली जातात. भाषांची पूर्वनिश्चित यादी न करता जिल्ह्यात लोक जे बोलतात ते नोंदवणे, अशी त्याची पद्धत आहे. या प्रकल्पाच्या जिल्ह्यांत धुळ्याचाही समावेश आहे.

अहिराणी व लेवा गणबोलीतील शोध

अहिराणीचे व्याकरण अनेक बाबतींत प्रमाण मराठीहून वेगळे आहे. ‘आहे’ या अर्थी ‘शे’, ‘माझा’ या अर्थी ‘मना’ किंवा ‘मन्हा’, ‘मुलगी’ या अर्थी ‘आंडेर’, ‘सर्व’ या अर्थी ‘बठ्ठा’ हे शब्द वापरले जातात. षष्ठीचे प्रत्यय ना, नी, नं असे आहेत, तर चतुर्थीचा प्रत्यय ‘ले’ आहे: गावना, गावले. मराठीचे प्रत्यय काढण्यासाठी लिहिलेल्या नियमांत हे प्रत्यय नसल्याने ‘गावना’ या शब्दातून ‘गाव’ वेगळा निघत नाही.

काही अहिराणी शब्द मराठी शब्दांसारखेच दिसतात. ‘मना’ हे मराठीत ‘मन’ या शब्दाचे संबोधन किंवा सामान्यरूप आहे, तर ‘शे’ हा शंभर या अर्थाचा घटक आहे. ओळखीचे शब्द सुचवणारी व चुकीचे वाटणारे शब्द दुरुस्त करणारी सोय प्रमाण भाषेच्या वापरकर्त्याला साहाय्यक ठरते. परंतु बोलीतील बरोबर शब्द तिला अशुद्ध लेखन वाटू शकतो.

यांहून मूलभूत अडचण भाषा ओळखण्याची आहे. शोधयंत्रे व भाषिक प्रतिकृती प्रत्येक पान वाचताना त्यावर भाषेचे नाव नोंदवतात. या कामासाठी वापरल्या गेलेल्या फास्टटेक्स्ट या प्रणालीच्या १७६ भाषांच्या यादीत मराठी, गोव्याची कोकणी, मैथिली आहेत, अहिराणी नाही. अशी प्रणाली अहिराणी पानावर यादीतील जवळच्या भाषेचे, बहुधा मराठी किंवा हिंदीचे, नाव लावते. परिणामी अहिराणीत लिहिलेला मजकूर आंतरजालावर असूनही अहिराणी म्हणून मोजला जात नाही, आणि मोजला न गेल्याने त्या भाषेसाठी नवी साधने बनवण्याइतका मजकूर उपलब्ध नाही, असे दिसते.

भाषांतर सेवांतही हीच स्थिती आहे. गूगलने २०२२ मध्ये २४ भाषा जोडल्या. त्यांत कोकणी, भोजपुरी, मैथिली व डोगरी होत्या. २०२४ मध्ये जोडलेल्या ११० भाषांत अवधी, मारवाडी, तुळू व संताळी होत्या. या दोन्ही याद्यांत अहिराणी नव्हती. केंद्र शासनाचा २०२२ मध्ये सुरू झालेला ‘भाषिणी’ हा उपक्रम आठव्या अनुसूचीतील २२ भाषांवर भर देतो आणि अहिराणी त्या अनुसूचीत नाही.

अहिराणीत मजकूरच नाही, असा याचा अर्थ होत नाही. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी शब्दकोश प्रकाशित आहे. अहिराणी कथा, कविता व लोकगीतांचे संग्रह छापले गेले आहेत. अहिराणी गाणी व विनोदी चित्रफिती यूट्यूबवर मोठ्या संख्येने आहेत. परंतु शब्दकोश व संग्रह मुख्यतः छापील स्वरूपात राहिले. चित्रफितींतील भाषा ध्वनिरूप असून त्यांची शीर्षके अनेकदा रोमन लिपीत, निरनिराळ्या वर्णलेखनाने दिलेली असतात. शोध घेताना शीर्षकातील ‘अहिराणी’ किंवा ‘खानदेशी’ हा शब्द सापडतो. गाण्यातील शब्द सापडतीलच असे नाही.

जुने ग्रंथ व कागदपत्रे

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर हा धुळ्यातील हस्तलिखितांचा दुसरा महत्त्वाचा संग्रह आहे. त्यात रामदासी परंपरेतील हस्तलिखिते जतन केलेली आहेत.

अशा संग्रहांच्या बाबतीत पान स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवणे ही केवळ पहिली पायरी असते. स्कॅन केलेले पान हे चित्र असते. त्यातील अक्षरे यंत्राला वाचून द्यावी लागतात. देवनागरी छापील मजकुरासाठी अक्षरओळखीची साधने उपलब्ध आहेत. टेसरॅक्ट या मुक्त आज्ञावलीत मराठीची सोय असून २०१८ मधील चौथ्या आवृत्तीपासून ती न्यूरल जाळ्यांच्या साहाय्याने अक्षरे ओळखते. परंतु जुन्या छपाईतील तुटके टाइप व जोडाक्षरे यांमुळे चुका होतात आणि त्या हाताने दुरुस्त कराव्या लागतात. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक असे मुद्रितशोधन करतात.

जुन्या लेखनपद्धतीचाही परिणाम होतो. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांनंतर अनुच्चारित अनुस्वार गळले. राजवाड्यांच्या बावीस खंडांच्या ग्रंथमालेचे नाव मुखपृष्ठावर ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असे आहे. आजचा वाचक मात्र ‘साधने’ असा शोध घेतो. अनुस्वार गाळून तुलना करण्याची सोय यंत्रात नसेल, तर ग्रंथ उपलब्ध असूनही सापडत नाही.

मोडी कागदपत्रांची स्थिती याहून अवघड आहे. मोडी लिपीचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ साली सातव्या आवृत्तीत झाला. परंतु हस्तलिखित मोडी यंत्राने वाचण्याचे तंत्र अद्याप संशोधनाच्या पातळीवर आहे. तोपर्यंत अशा कागदांचा शोध त्यांच्या सूचीतील वर्णनावरच अवलंबून राहतो. वर्णनात गाव, व्यक्ती व वर्ष यांची नोंद असल्यास कागद सापडतो. नसल्यास तो पेटीत असल्यासारखाच राहतो.

विद्यापीठीय संशोधनालाही हा नियम लागू आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात मराठी प्रबंध उपलब्ध आहेत. त्यांतील जे प्रबंध पानांच्या प्रतिमांच्या किंवा जुन्या फॉन्टमधील फाइलच्या स्वरूपात आहेत, त्यांचे शीर्षक सापडते, आतील मजकूर सापडत नाही.

उत्तरे देणारी शोधयंत्रे

२०२३ पासून शोधयंत्रे दुव्यांच्या यादीच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश देऊ लागली. गूगलची ही सोय भारतात ऑगस्ट २०२३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वसाधारण शोधात इंग्रजी व हिंदीत आली. संवादाच्या रूपात शोध घेण्याची सोय २०२५ मध्ये भारतात इंग्रजीत सुरू झाली आणि त्याच वर्षी हिंदी व नंतर मराठीसह आणखी काही भारतीय भाषांत आणण्यात आली.

दुव्यांच्या यादीत वाचकाला निरनिराळी पाने दिसतात आणि त्यांतून निवड करता येते. सारांशात ही निवड यंत्राने आधीच केलेली असते. प्रश्न मराठीत विचारला, तरी उत्तराचा आधार इतर भाषांतील मजकूर असू शकतो. जळगाव हा केळी उत्पादनासाठी प्रसिद्ध जिल्हा आहे; जळगावच्या केळीला तसेच भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळीवरील करपा या रोगाबद्दल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परदेशातील लागवडीवर लिहिलेल्या इंग्रजी पानांवरून तयार झाल्यास ते भाषेच्या दृष्टीने निर्दोष असूनही खानदेशातील हवामान, वाण व हंगाम यांना लागू पडेलच असे नाही. स्थानिक संशोधन केंद्रांच्या शिफारशी यंत्राला वाचता येतील अशा स्वरूपात असतील, तरच त्या अशा उत्तरांत येण्याची शक्यता निर्माण होते.

‘करपा’ हे नाव इतर पिकांवरील रोगांनाही लावले जाते, ही आणखी एक अडचण आहे. शोधशब्दांत पिकाचे नाव नसल्यास यंत्र अधिक मजकूर असलेल्या पिकाचा करपा गृहीत धरू शकते. औषधाची मात्रा विचारणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

शोधशब्द देताना उपयुक्त सोयी

बहुतेक शोधयंत्रांत पुढील सोयी मराठीसाठीही चालतात:

• शब्दसमूह अवतरणचिन्हांत दिल्यास तो शक्यतो जसाच्या तसा शोधला जातो. यंत्र बोलीतील शब्द बदलत असल्यास ही सोय उपयोगी पडते.

• शब्दापूर्वी वजाचिन्ह दिल्यास तो शब्द असलेली पाने वगळली जातात. उदाहरणार्थ, जळगाव शोधताना ‘जामोद’ वगळणे.

• खानदेश व खान्देश, अहिराणी व अहिरानी अशी पर्यायी रूपे स्वतंत्रपणे शोधल्यास वेगळे निकाल मिळू शकतात.

• निकालांची भाषा व प्रदेश शोधयंत्राच्या मांडणीतून ठरवता येतात.

उपाय व सद्यस्थिती

पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने मराठीचे मुक्त मजकूरसंच व महाबर्टसारख्या भाषिक प्रतिकृती प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांचा आधार घेऊन मराठीसाठी शोधसाधने तयार करता येतात. अहिराणी व लेवा गणबोली यांच्यासाठी अशा साधनांपूर्वीची पायरी आवश्यक आहे: छापील कोश व संग्रह हक्कधारकांच्या संमतीने युनिकोडमध्ये आणणे, पानांवर भाषेचा योग्य संकेत नोंदवणे, चित्रफितींना देवनागरी शीर्षके व मथळे देणे, आणि बोलीतील शब्दांपुढे प्रमाण मराठी पर्याय नोंदवणे. शब्दकोशातील ‘आंडेर – मुलगी’ यासारखी नोंद यंत्राला वाचता आली, तर एका बोलीतील प्रश्न व दुसऱ्या बोलीतील उत्तर जोडण्याचा तो सर्वांत थेट मार्ग ठरतो.

शोधयंत्रांतील आतापर्यंतची प्रत्येक सुधारणा आधी लिहून ठेवलेल्या मजकुरावर उभी राहिली आहे. मराठी शोधात जी वाढ झाली ती वृत्तपत्रे, विश्वकोश, विकिपीडिया व अनुदिन्या यांनी युनिकोडमध्ये साठवलेल्या मजकुरामुळे शक्य झाली. खानदेशातील बोलींच्या बाबतीत हे साठवणीचे काम अद्याप व्हायचे आहे.

हेही पाहा

• अहिराणी भाषा
• लेवा गणबोली
• खानदेश
• बहिणाबाई चौधरी
• वि. का. राजवाडे
• युनिकोड
• मोडी लिपी
• शोधयंत्र